वहीत बंद, विहिरीत चालू

मामाचा फोन पहाटे साडेपाचला आला.

"मोटर जळाली," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुझ्या डब्याचा निरोप आलाय फोनवर. दोन चाळीसला मोटर बंद केली म्हणतोय. बंद होती तर जळाली कशी रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मे महिना होता. सोलापूर जिल्ह्यात मामाची दोन एकर डाळिंबाची बाग आहे आणि तिचा सगळा जीव एका विहिरीवर. शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीच येते. म्हणजे रात्री उठायचं, बॅटरी घेऊन विंचूकाट्यातून विहिरीवर जायचं, मोटर चालू करायची आणि पाणी तळाला जायच्या आत परत जाऊन बंद करायची. पाणी संपल्यावर मोटर कोरडी फिरली की तापते आणि जळते. मामाचा स्टार्टर जुना, त्यात कोरडी मोटर ओळखायची सोय नाही.

म्हणून डिसेंबरात मी त्याला एक डबा करून दिला होता. आत बोटभर लांबीचा ईएसपी३२ बोर्ड, विहिरीत खाली सोडलेला एक सेन्सर आणि स्टार्टरला जोडलेला रिले. पाणी सेन्सरच्या खाली गेलं की रिले सुटणार, मोटर थांबणार आणि मामाला फोनवर निरोप जाणार. मामा झोपू शकेल, एवढाच हेतू. मी पुण्यात पायथनमध्ये कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे हे मला दोन सुट्ट्यांचं काम वाटलं होतं.

मोटर रिवाइंडिंगला तालुक्याला गेली. ऐन उन्हाळ्यात चार दिवस बागेला पाणी नव्हतं. मामा मला एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

डबा मी पुण्याला घेऊन आलो. सेन्सरच्या जागी बटण लावलं आणि तोच कोड लॅपटॉपवर चालवला. बटण दाबलं, 'रिले सुटला' अशी ओळ आली. दहा वेळा दाबलं, दहाही वेळा आली. मग तोच कोड, एक अक्षर न बदलता, बोर्डवर चालवला. वहीत 'मोटर बंद' अशी नोंद झाली, आणि रिले ढिम्म.

वायर बदलली. रिले बदलला. बोर्ड बदलला. दोन रात्री गेल्यावर लक्षात आलं की बिघाड कुठल्याही वस्तूत नव्हता. तो एका टिंबात होता.

हे टिंब काय करतं ते सांगतो. पायथनमध्ये एखाद्या वस्तूचं, म्हणजे ऑब्जेक्टचं, काही हवं असेल तर नावापुढे टिंब द्यायचं आणि पुढे हवं ते लिहायचं. माझा कोड मराठीत लिहिला तर 'पंप.थांब' असा दिसेल. वाचताना वाटतं की पंपाला 'थांब' चिकटलेलंच आहे, आपण फक्त बोट दाखवलं. प्रत्यक्षात तिथे शोध सुरू होतो. सी++ सारख्या भाषेत बऱ्याच गोष्टींची जागा कोड चालण्याआधीच ठरलेली असते. पायथनमध्ये ती चालता चालता, नावावरून शोधली जाते. आधी मोठा नियम असा: वस्तूच्या स्वतःच्या वहीत बघा, नाही मिळालं तर तिच्या क्लासच्या वहीत, तिथेही नसेल तर तो क्लास ज्यांच्यापासून निघाला त्यांच्या वह्यांत. या 'वही'ला पायथनमध्ये डिक्शनरी म्हणतात. नियमाला अपवाद आहेत, काही खास गोष्टी क्लासच्या वहीतून वस्तूच्या आधी उचलल्या जातात. पण आपल्याला एवढं पुरे.

अडचण येते ती क्लासला दोन आईबाप असले की. माझ्या कोडमध्ये तसंच होतं. मूळ क्लास 'पंप'. त्याच्या 'थांब'मध्ये फक्त वहीत 'मोटर बंद' लिहायचं काम. त्यापासून दोन क्लास निघाले. एक 'अहवाल', हा निरोप पाठवणारा, याचं स्वतःचं 'थांब' नाही. दुसरा 'रिले', याचं स्वतःचं 'थांब' आहे: आधी रिले सोडायचा, मग वहीत लिहायचं. आणि शेवटी 'मामाचा पंप', जो 'अहवाल' आणि 'रिले' या दोघांचाही वारस. कागदावर काढलं तर हिऱ्याचा आकार होतो: वर आजोबा, मध्ये दोघं, खाली नातू.

आता 'मामाचा पंप'ला 'थांब' म्हटलं तर कोणाचं थांब?

लॅपटॉपवरचा क्रम होता: मामाचा पंप, अहवाल, रिले, मग पंप. रिलेचं 'थांब' सापडलं, रिले सुटला. बोर्डवरचा क्रम होता: मामाचा पंप, अहवाल, आणि अहवालच्या मागून थेट त्याच्या बापाकडे, पंपाकडे. तिथे 'थांब' मिळालं आणि शोध संपला. रिलेला कोणी विचारलंच नाही. आजोबांनी वहीत लिहिलं, 'मोटर बंद'. अहवालाने इमानदारीने तो निरोप पाठवला. विहिरीत मोटर फिरत राहिली.

हिवाळाभर हे दिसलं का नाही? कारण 'चालू' हे नाव फक्त रिलेकडे होतं, ते कुठल्याही क्रमाने शोधलं तरी सापडायचंच. आणि हिवाळ्यात विहीर भरलेली. पाणी तळाला जायच्या आधी लाईट जायची, मोटर आपोआप बंद पडायची. 'थांब' म्हणायची वेळच पहिल्यांदा मेमध्ये आली.

एकच भाषा, एकच कोड, दोन क्रम. हे कसं शक्य आहे, हे शोधायला बसलो आणि मला एक इतिहास सापडला.

ख्रिसमसच्या सुटीत, डिसेंबर १९८९ मध्ये, अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणित आणि संगणकशास्त्राच्या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या खिडो फान रॉसम यांनी पायथन लिहायला घेतली. फेब्रुवारी १९९१ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. ती सी भाषेत लिहिलेली होती. पुढे दुसरे अवतार आले तेव्हा वेगळं ओळखता यावं म्हणून या पहिलीला सीपायथन म्हणू लागले. तुमच्या-माझ्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा असते ती हीच.

त्या जुन्या पायथनचा शोधक्रम सोपा होता: डावीकडून सुरुवात करा आणि एक फांदी धरली की मुळापर्यंत जा, मगच दुसरी फांदी. म्हणजे माझ्या बोर्डवरचाच क्रम. तेव्हा तो फारसा कोणाला खुपला नाही, कारण हिरे कमी असायचे. बहुतेक क्लासना समान आजोबाच नव्हते.

२१ डिसेंबर २००१ ला पायथन २.२ आली आणि परिस्थिती बदलली. तोपर्यंत भाषेत येणारे प्रकार, म्हणजे आकडे, याद्या वगैरे, आणि आपण लिहिलेले क्लास ही दोन वेगळी राज्यं होती. २.२ ने ती जोडली. नव्या पद्धतीच्या प्रत्येक क्लासचा मूळपुरुष एकच ठरला, त्याचं नावच 'ऑब्जेक्ट'. आता गंमत बघा. मूळपुरुष एक झाला की दोन आईबाप असलेला प्रत्येक क्लास हिराच होतो. आणि या मूळपुरुषाकडे स्वतःला छापून दाखवण्यासारख्या कितीतरी गोष्टी तयार असतात. जुन्या क्रमाने शोधलं तर पहिल्या फांदीतून थेट त्याच्याकडे पोचाल आणि दुसऱ्या पालकाने मेहनतीने लिहिलेलं कधीच सापडणार नाही. माझ्या पंपाचं जे झालं ते सगळ्यांचंच झालं असतं.

म्हणून २.२ मध्ये नव्या क्लासांसाठी नवा क्रम बसवला गेला. जुन्या पद्धतीने यादी करायची, आणि एखादं नाव दोनदा आलं तर शेवटचं ठेवून आधीचं गाळायचं. साध्या हिऱ्याला हे पुरतं. गुंतागुंतीच्या घराण्यांना पुरत नाही, आणि ते दाखवून दिलं सॅम्युएले पेद्रोनी यांनी, २००२ मध्ये. त्यांनी दाखवलं की या पद्धतीत आई सांगते एक क्रम आणि मुलगी सांगते उलटा. एखाद्या क्लासमध्ये क आधी आणि ख नंतर शोधला जात असेल, तर त्याच्या वारसात तो क्रम फिरू शकत होता. वारशावर भरवसा ठेवायचा तर हे चालणार नाही.

पेद्रोनी कोण, हे मला महत्त्वाचं वाटतं. ते जायथनवर काम करणाऱ्यांपैकी होते. जिम हुगुनिन यांनी १९९७ मध्ये पायथन जावात पुन्हा लिहायला घेतली, तिचं नाव आधी जेपायथन, मग जायथन. एकच भाषा दुसऱ्या मातीत पुन्हा उभी करायची तर प्रत्येक ठिकाणी विचारावं लागतं: इथे मूळ पायथन नेमकं काय करते, आणि ती तसं मुद्दाम करते की सवयीने? पहिलं घर बांधणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. तो जे करतो तेच घर. दुसऱ्यांदा बांधणाऱ्यालाच कळतं की कुठली भिंत आधाराची आणि कुठली नुसतीच उभी. पहिल्या पायथनमधली फट दुसऱ्या पायथनवर काम करणाऱ्याला दिसावी, यात मला नवल वाटत नाही.

पेद्रोनींनी उपायही सुचवला. तो तिसऱ्याच भाषेतला होता. डिलन या भाषेसाठी किम बॅरेट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एक पद्धत मांडली होती, तिला सी३ म्हणतात. तिचं थोडक्यात म्हणणं: पोर आईबापांच्या आधी, आईबापांचा आपसातला क्रम तुम्ही लिहिला तसाच, आणि आईबापांच्या घरातला क्रम पोराच्या घरात कधीही उलटायचा नाही. या तिन्ही अटी एकदम पाळता येत नसतील तर पद्धत सरळ नकार देते: असा क्लास बनणार नाही. फान रॉसम यांना हे पटलं आणि २९ जुलै २००३ ला आलेल्या पायथन २.३ पासून सी३ लागू झाली. आज लॅपटॉपवर चालते ती तीच. जुन्या पद्धतीचे क्लास मात्र जुन्या क्रमासकट पायथन २ मध्ये शेवटपर्यंत राहिले. पायथन २ चा अधिकृत आधार संपला तो १ जानेवारी २०२० ला.

मग कथा संपायला हवी होती. संपली नाही, कारण पायथन तोवर एकटी राहिली नव्हती, आणि प्रत्येक अवताराच्या पायाखालची जमीन वेगळी होती.

जायथनमध्ये जावाच्या वस्तू वापरता येतात. जावाच्या बटणावरचा मजकूर हवा असेल तर जावावाले 'गेटटेक्स्ट' म्हणतात. जायथनमध्ये नुसतं 'बटण.टेक्स्ट' लिहिलं तरी चालतं, टिंब स्वतःहून ते गेटटेक्स्ट शोधून काढतं. सीपायथनच्या टिंबाला ही ओळखच नाही. हुगुनिन यांनीच पुढे मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर आयर्नपायथन उभी केली, तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००६ ची.

फेब्रुवारी २००३ मध्ये जर्मनीतल्या हिल्डेसहाइमला काही जण एकत्र जमले आणि पायपाय सुरू झाली, म्हणजे पायथनमध्येच लिहिलेली पायथन. पेद्रोनी पुढे तिथेही होते. पायपायच्या कागदपत्रांत एक उदाहरण आहे, ते मला फार आवडतं. आपण मघाशी वस्तूच्या स्वतःच्या वहीबद्दल बोललो. समजा, ती वही काढून जागेवर एक लहरी वही ठेवली, जी कुठल्याही नावाला विचारलं की आत काय लिहिलंय ते न सांगता स्वतःचंच काहीतरी उत्तर देते. आता वस्तूला एक गुण दिला आणि टिंब लावून तोच परत मागितला. सीपायथन वहीला विचारत नाही, थेट पान उघडून लिहिलेलं वाचते आणि तुम्ही दिलेलंच परत देते. पायपाय वहीला विचारते आणि वहीचं लहरी उत्तर देते. बरोबर कोण? कागदपत्रांत स्पष्ट म्हटलंय की अशा वेळी वारसाची बदललेली रीत कधी वापरायची याचा सीपायथनमध्ये अधिकृत नियमच नाही. सीपायथन पान थेट वाचते, कारण तिच्या सी कोडमध्ये तोच जवळचा रस्ता आहे. एका अवताराची आडवाट आणि दुसऱ्याची आडवाट, एवढाच तो फरक.

आडवाटा सगळ्यांनाच हव्या असतात, कारण प्रत्येक टिंबाला वह्या उलटत बसलं तर भाषा रांगते. १९८४ मध्ये पीटर डॉइच आणि ॲलन शिफमन यांनी स्मॉलटॉकसाठी युक्ती केली होती: मागच्या वेळी कुठे सापडलं ते त्याच ओळीपाशी लिहून ठेवायचं. १९८९ मध्ये सेल्फ या भाषेत एकसारख्या वस्तूंना मिळून एकच नकाशा देण्याची कल्पना आली. तीच २००८ मध्ये गूगल क्रोमच्या व्ही८ इंजिनात वेगळ्या नावाने दिसली, म्हणजे हा लेख तुम्ही क्रोममध्ये वाचत असाल तर ती आत्ताही तुमच्या हातात आहे. २०१० मध्ये ती पायपायमध्ये आली. ऑक्टोबर २०२१ च्या पायथन ३.१० मध्ये सीपायथनही आपल्या टिंबांना मागचा पत्ता लक्षात ठेवायला शिकली.

आणि मग माझा बोर्ड.

२०१३ मध्ये डेमियन जॉर्ज यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे केले आणि मायक्रोपायथन बनवली, बोटभर चिपवर चालणारी पायथन. तिचा दावा असा की २५६ केबी जागा आणि १६ केबी मेमरी एवढ्यात मी बसते. १६ केबी म्हणजे किती? तुमच्या फोनमधला एक साधा फोटो त्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. एवढ्या खोलीत संसार मांडायचा तर प्रत्येक क्लाससाठी सी३ ची यादी काढून सांभाळत बसणं परवडणारं नसतं. म्हणून तिथे क्रम सोपा: डावी फांदी धरा, मुळापर्यंत जा. फान रॉसम यांचा जुना क्रम, जो लॅपटॉपवरून हद्दपार झाला, तो मामाच्या विहिरीवर जिवंत होता.

सगळ्यात कडू भाग पुढे. हे लपवलेलं नाही. मायक्रोपायथनच्या कागदपत्रांत सीपायथनशी असलेल्या फरकांची यादीच दिलेली आहे. तीत हा क्रमही आहे, आणि गुंतागुंतीची घराणी टाळा असा सल्लाही. मी तो वाचला नव्हता. मला पायथन येते, असं मी धरून चाललो होतो. मला एका घरची पायथन येत होती.

आता मी डबा बदलला आहे. हिरा मोडला, क्लास एकाखाली एक सरळ ठेवले, आणि 'थांब' रिलेपाशीच. पण खरा बदल दुसरा आहे. स्टार्टरच्या वायरवर करंट मोजणारा सेन्सर लावला. आता डबा 'बंद केली' असं लिहीत नाही. वायरमधला करंट खरंच शून्य झाला, तरच 'बंद झाली' असं लिहितो. आणि झाला नाही तर मामाला फोन वाजवतो. आदेश दिला आणि काम झालं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कोणी कॉलेजात शिकवलं नव्हतं असं नाही. पण जळक्या वाइंडिंगच्या वासाने ते पक्कं केलं.

जूनमध्ये डबा घेऊन गेलो तेव्हा मी मामाला हे सगळं समजावायचा प्रयत्न केला. हिरा, आजोबा, नातू, डावी फांदी. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे धाकट्याला विचारायचं सोडून म्हाताऱ्याला विचारलं. आमच्या घरात वाटणीच्या वेळी असंच झालतं."

मी तीन तास लावून जे सांगत होतो ते त्याने एका वाक्यात आटोपलं.

डबा आता नीट चालतो. पाऊस झाला, विहीर वर आली, बागेतली चार झाडं गेली, बाकीची सावरली. मामीकडून कळलं की मामा अजूनही रात्री अडीचचा गजर लावतो, उठतो, बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, मोटरीचा आवाज ऐकतो आणि परत येऊन झोपतो. मी त्याला तो गजर बंद कर असं अजून म्हटलेलं नाही.